शक्ती मिळालेली मुले : शिक्षकांसाठी एक अभ्यासपाठ

वाचनासाठी शास्त्रभाग : शास्ते १३ ते १६; १ शमुवेल १७; १ राजे ३:५-१४; मत्तय ४:५-७; प्रेषितांची कृत्ये ८:९-२४



संडे स्कूलच्या वरच्या वर्गातली, म्हणजे बारा ते सोळा वर्षांची मुले कोणती पुस्तके वाचतात, याची चौकशी शिक्षकांनी अवश्य करावी. आम्ही केली. अभ्यासाची पुस्तके सोडली तर पुष्कळांच्या दप्तरात एकाच प्रकारची कथा सापडते. तुमच्याआमच्या घरातल्यासारखा एखादा साधा मुलगा किंवा मुलगी असते, त्यांना एके दिवशी अचानक अचाट शक्ती मिळते. कोणी उडू लागतो, कोणी भिंतीवर चढतो, कोणी अदृश्य होतो. मग दुष्टांशी सामना, संकटे, आणि शेवटी जय.

अशा पुस्तकांविषयी मंडळीत दोन मते ऐकू येतात. काही पालक म्हणतात, हे टाकाऊ वाचन आहे, मुलांच्या हातून काढून घ्या. काही म्हणतात, करमणूक आहे, त्यात काय पाहायचे? आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. जे पुस्तक मूल उशाशी घेऊन झोपते त्यात त्या मुलाच्या मनातले काहीतरी असते. ते काय आहे, हे पाहणे शिक्षकाचे काम होय.

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. दौलतराव शिंदे यांच्या छावणीभोवती वसलेल्या या शहरात सराफा बाजार ही मोठी पेठ आहे. पेठेतला जाणता सराफ पिवळे दिसले म्हणून सोने मानीत नाही, आणि मळलेले दिसले म्हणून फेकूनही देत नाही. तो जिन्नस कसोटीच्या दगडावर घासतो आणि कस पाहतो. शंका राहिली तर तो गलाईकडे जातो. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून गेलेले आपले मराठी गलाई बांधव देशभरच्या सराफी पेठांत हेच काम करतात : मुशीत घालून वितळवायचे, हीण वेगळे करायचे, शुद्ध तेवढे ठेवायचे. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात अंतःकरणाच्या परीक्षेला मुशीचा व भट्टीचाच दाखला दिलेला आहे. हीच रीत आपण या कथांना लावू या.

१. या कथा कोठून आल्या?

सर्व अचाट नायकांचा मूळपुरुष म्हणजे सुपरमॅन. तो जून १९३८ च्या अंकात प्रथम छापला गेला. त्याचे निर्माते जेरी सीगल व जो शूस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात शाळेपासूनचे मित्र होते. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, दोघेही गरीब.

सीगलच्या वडिलांचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. जून १९३२ मध्ये त्या दुकानात चोरीचा प्रसंग घडला, आणि त्या प्रसंगातच वडील कोसळून मरण पावले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे याच मुलाने, ज्याला गोळी लागत नाही आणि जो दुर्बळांच्या हाकेला धावून जातो, असा नायक कल्पिला. एकातून दुसरे निघाले असे आम्ही ठामपणे म्हणत नाही. पण रोज संध्याकाळी शटर ओढताना मागेपुढे पाहणाऱ्या सराफ्यातल्या घरांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सुपरमॅन हे नाव या दोघांनी प्रथम वापरले ते १९३३ साली, एका वेगळ्याच कथेत. तीत एका भुकेल्या, बेकार माणसाला एक शास्त्रज्ञ औषध देतो. त्यामुळे त्या माणसाला दुसऱ्याच्या मनातले कळू लागते. तो काय करतो? दुष्ट बनतो. शक्ती देणाऱ्यालाच ठार करतो. शेवटी औषधाचा अंमल उतरतो आणि तो पुन्हा फुकट भाकरीच्या रांगेत येऊन उभा राहतो. म्हणजे शक्ती मिळाली की माणूस चांगलाच होईल, असे या दोन पोरांनासुद्धा प्रथम वाटले नव्हते. शक्ती अंतःकरण पालटत नाही. अंतःकरणात जे असते ते ती मोठे करून दाखवते.

त्यानंतरच्या कथांत शक्ती मिळण्याच्या तीन वाटा दिसतात. १९४० च्या कॅप्टन मार्व्हलमध्ये बिली बॅटसन नावाचा बेघर, अनाथ, वर्तमानपत्रे विकणारा मुलगा एक शब्द उच्चारतो आणि बलाढ्य होतो. येथे शक्ती देणगी म्हणून येते. १९६२ च्या स्पायडरमॅनमध्ये पीटर पार्कर या विद्यार्थ्याला कोळी चावतो. येथे ती अपघाताने येते. १९६३ च्या एक्स-मेन या कथेतील मुले शक्ती घेऊनच जन्मतात. पण त्यामुळे समाज त्यांना भितो आणि दूर लोटतो.

२. आपल्याकडचे नायक

आपल्या देशातही हे पीक कमी नाही. चाचा चौधरींचे निर्माते चित्रकार प्राण यांचा जन्म १९३८ साली कसूर येथे झाला. पण त्यांनी बी.ए. केले ते आमच्या ग्वाल्हेरला. १९७१ च्या सुमारास त्यांनी निर्मिलेले हे चाचा म्हणजे पागोटे घातलेले, काठी घेतलेले म्हातारे गृहस्थ. त्यांच्याजवळ बुद्धी आहे. गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबू त्यांच्याजवळ राहतो, त्याच्याजवळ बळ आहे. बळ बुद्धीचे ऐकते, ही या जोडीची खुबी. प्राण २०१४ साली वारले.

१९८६ साली नागराज आला, त्याच्या अंगात सापांची शक्ती. पुढच्याच वर्षी ध्रुव आला, सर्कशीत वाढलेला मुलगा. त्याला कोणतीही अद्भुत शक्ती नाही. सराव, विज्ञान आणि धैर्य यांवर तो निभावून नेतो. आणि मराठी घरांत तर त्याच्याही आधीपासून भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, सायकल हाणीत आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा उडत नाही की अदृश्य होत नाही. डोळे उघडे ठेवतो, आणि दुसरा संकटात दिसला की घरी बसवत नाही म्हणून निघतो.

३. कसोटीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : शक्ती कशासाठी वापरली? शमशोनाची कथा वर्गात सांगताना आपण बहुधा सिंह आणि केस एवढेच सांगतो. पण शास्ते १४ ते १६ हे अध्याय सलग वाचावेत. शमशोनाला शक्ती जन्मापूर्वीच्या अभिवचनाने मिळाली होती. तरी पुष्कळदा ती त्याच्या स्वतःच्या रागासाठी आणि सूडासाठी खर्च झाली. शक्ती निघून गेली तेव्हा तेही त्याला कळले नाही, असे शास्ते १६:२० सांगते. पीटर पार्करचेही आरंभी तसेच आहे. शक्ती मिळताच तो पैसा व कीर्ती यांच्या मागे लागतो. समोरून पळणाऱ्या चोराला, माझे काय जाते, म्हणून जाऊ देतो. आणि तोच चोर पुढे त्याला वाढवणाऱ्या काकांचा जीव घेतो. मुले हा प्रसंग विसरत नाहीत. शिक्षकाने तो शमशोनाशेजारी ठेवावा.

दुसरा प्रश्न : शक्ती नसताना तो कोण आहे? दावीदाला शौलाची शस्त्रसामग्री चढवली, ती त्याने उतरवून ठेवली. कारण तिचा त्याला सराव नव्हता. गोफणीचा सराव होता. सिंह आणि अस्वल यांच्याशी तो मेंढरांसाठी एकटा झगडला होता, तेव्हा कोणी पाहत नव्हते. गल्याथापुढचा दिवस एका दिवसात तयार झाला नाही. ध्रुव आणि फेणे हे याच बाजूचे आहेत. ज्या पुस्तकात नायकाला सारे आयते मिळते त्यापेक्षा, ज्यात तो शिकतो, चुकतो, पुन्हा उभा राहतो, ते पुस्तक अधिक कसाचे.

तिसरा प्रश्न : शक्ती दाखवण्यासाठी आहे काय? शोमरोनातील शिमोनाने प्रेषितांपुढे पैसे ठेवून सामर्थ्य विकत मागितले. त्याला लोकांचे भले करायचे नव्हते, लोकांपुढे मोठे व्हायचे होते. याउलट मंदिराच्या शिखरावर आपल्या प्रभूला, उडी टाकून दाखव, असे सुचवले गेले, तेव्हा ज्याच्याजवळ खरोखर सामर्थ्य होते त्याने उडी टाकली नाही.

हा शेवटचा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. १९९७ साली दूरदर्शनवर शक्तिमान ही मालिका सुरू झाली, तेव्हा नायकाची नक्कल करताना मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या येऊ लागल्या. स्वतः नायकाची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना सांगावे लागले की असे करू नका. म्हणून लहान वर्गातल्या शिक्षकांनी मोकळेपणाने, हसण्यावारी न नेता सांगावे : ही कथा आहे, गच्चीवरून पडलेल्याला झेलायला कोणी येत नाही.

४. मुलाला शक्ती का हवी असते?

आमच्या वर्गात आम्ही एक साधा प्रयोग केला. प्रत्येकाला कागद दिला आणि लिहायला सांगितले : तुला एकच शक्ती मिळणार असेल तर कोणती मागशील, आणि कोणासाठी? नाव घालू नये, असेही सांगितले. उडण्याची शक्ती तर बऱ्याच जणांनी मागितली. एकाने लिहिले, वडिलांची बाटली हात लावताच पाणी व्हावी. एकाने परीक्षेच्या आदल्या रात्री काळ थांबवण्याची शक्ती मागितली.

एका कागदावर लिहिले होते : मला कोणाला दिसू नये. दुपारी गल्लीतून जाताना.

हा कागद वाचून आम्ही पाठ तेथेच आवरला. त्या आठवड्यात मुलींच्या शिक्षिकेने एकेका मुलीशी निवांत बोलून घेतले. तेव्हा कळले की एका गल्लीच्या तोंडाशी काही टवाळ पोरे बसतात आणि आमच्या वर्गाला येणाऱ्या तीन मुलींना रोज ते सोसावे लागते. आयांना माहीत नव्हते. कळले तर वर्गच बंद करतील, या भीतीने मुली बोलत नव्हत्या. मग पंच मंडळींनी त्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची भेट घेतली. मंडळीतल्या दोन भगिनी मुलींबरोबर जाऊयेऊ लागल्या. आता मुली येतात, आणि अदृश्य न होता येतात.

बंधुभगिनींनो, या कथा मुलांना का आवडतात याचे उत्तर त्या कागदावर होते. तेराचौदा वर्षांचे मूल शरीराने बदलत असते. घरात त्याचे कोणी विचारीत नाही, शाळेत कोणी दबावते. त्याला वाटते, माझ्यात काही असते तर! पुस्तकातील नायकाला शक्ती मिळते तेव्हा हे मूल क्षणभर ताठ बसते. एवढ्यापुरते ते पुस्तक त्याचा मित्र आहे. पण त्याचे एक हीणही आहे. ते मुलाला वाट पाहायला शिकवते : शक्ती येईल, मग मी बोलेन. तोवर सोसायचे. हे हीण आपण काढून टाकले पाहिजे. मार खाणाऱ्या, भिणाऱ्या, लाज वाटेल असे काही सोसणाऱ्या मुलाला शक्तीची वाट पाहायची गरज नाही. विश्वासू मोठ्या माणसाला सांगण्याची गरज आहे. घरी सांगता येत नसेल तर शिक्षकाला सांगावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा. आणि शिक्षकाने, मुलाने सांगितलेले खोटे आहे असे धरून चालू नये.

५. शलमोनाची मागणी

कॅप्टन मार्व्हलच्या कथेत बिली जो शब्द उच्चारतो, त्याचे प्रत्येक अक्षर एका जुन्या पुरुषाच्या नावातून घेतले आहे. हर्क्युलीसचे बळ, अ‍ॅटलसचा दम, अकिलीसचे धैर्य, असे ते आहे. पण पहिले अक्षर शलमोनाचे, त्याच्या ज्ञानासाठी. बाकी सारे ग्रीक-रोमी दंतकथांतले. एकटा शलमोन आपल्या पवित्र शास्त्रातला. कथा रचणाऱ्यालाही वाटले असावे की बळाच्या अगोदर शहाणपण लागते.

१ राजे ३ मध्ये शलमोनाला, हवे ते माग, असे सांगितले गेले. तो स्वतःला लहान मूल म्हणवतो, बाहेर जावे कसे आणि आत यावे कसे हे मला कळत नाही, असे कबूल करतो. आणि मग दीर्घायुष्य नाही, धन नाही, शत्रूंचा नाश नाही, तर लोकांचा न्याय करण्यासाठी समजणारे अंतःकरण मागतो. आमच्या प्रयोगातला दुसरा प्रश्न, कोणासाठी, याचे उत्तर त्याच्या मागणीतच आहे. मुलांना प्रथम त्यांचे कागद लिहू द्यावेत, मग हा शास्त्रभाग वाचावा. उपदेश फारसा करावा लागत नाही.

शिक्षकांसाठी सूचना

हा पाठ पाऊण तासाचा आहे. पहिली दहा मिनिटे कागद लिहिण्यास, पंधरा मिनिटे शमशोन व दावीद यांच्या तुलनेस, दहा मिनिटे शलमोनाच्या मागणीस, आणि उरलेला वेळ चर्चेस द्यावा. कागद सर्वांसमोर वाचू नयेत. घरी नेऊन शांतपणे वाचावेत. ज्याची चिंता वाटेल त्याविषयी त्याच आठवड्यात पावले उचलावीत, पुढच्या महिन्यात नव्हे. मुलांच्या आवडीचे निदान एक पुस्तक शिक्षकाने स्वतः पूर्ण वाचलेले असावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या आवडत्या नायकाची शक्ती काढून घेतली तर त्याच्यात काय उरते?

२. शमशोन आणि दावीद या दोघांपैकी कोणाची तयारी अधिक होती? कशावरून?

३. पीटर पार्करने पळणाऱ्या चोराला जाऊ दिले. आपण रोज कशाकडे पाहून, माझे काय जाते, म्हणतो?

४. आपल्या गल्लीत, शाळेत वा घरात कोणाला अदृश्य व्हावेसे वाटत असेल? त्याच्यासाठी, कोणतीही अद्भुत शक्ती नसताना, या आठवड्यात आपण काय करू शकतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. पुढल्या रविवारी, काय केले, एवढेच विचारावे.