डिस्कची वाटणी करण्याआधी

(भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. भाच्याला त्याच्या लॅपटॉपवर विंडोज ११ तसंच ठेवून शेजारी उबुंटू बसवायचं आहे.)

भाचा : मावशी, पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं, पण ते कुठे बसवायचं हे इन्स्टॉलर विचारतो तिथे फक्त पेनड्राइव्ह दिसतोय. लॅपटॉपची डिस्क गेली का?

मावशी : विंडोज सुरू होतंय ना? मग डिस्क ठणठणीत आहे. उबुंटूला ती दिसत नाहीये, एवढंच. इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय घे, टर्मिनलमध्ये कर्नलचा लॉग उघड आणि त्यात 'रिमॅप्ड' शब्द शोध.

भाचा : सापडला! एक रिमॅप्ड एनव्हीएमई डिस्क आहे, ती वापरायची तर बायोसमध्ये रेड मोड काढून एएचसीआय करा, असं लिहिलंय.

मावशी : बघ, कर्नलनं निदानही केलं आणि उपायही सांगितला. बरेच लॅपटॉप कारखान्यातून येतानाच इंटेलच्या रॅपिड स्टोरेज तंत्रावर लावलेले असतात. त्यात एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड जाते. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर असतो, म्हणून त्याला अडचण येत नाही. या पद्धतीनं आड गेलेली डिस्क लिनक्सला दिसत नाही.

भाचा : मग बायोसमध्ये जाऊन लगेच बदलतो.

मावशी : लगेच नको. तसंच बदललंस तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल, कारण सुरू होताना ते जुनाच ड्रायव्हर शोधणार. आधी विंडोजमध्ये सिस्टीम कॉन्फिगरेशन उघडून 'सेफ बूट'वर खूण कर. मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवड. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू झालं की नवा ड्रायव्हर धरतं. त्यानंतर ती खूण काढून टाक. आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घे.

भाचा : पण मी बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं.

मावशी : मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर तुझाच डेटा तुला उघडता येणार नाही.

भाचा : डिस्क दिसायला लागली, की 'डिस्क पुसून उबुंटू बसवा' हा पर्याय घेऊ? तो सगळ्यात सोपा वाटतो.

मावशी : त्यात विंडोज, तुझं प्रोजेक्ट, फोटो, सगळं जाईल. जागा विंडोजकडूनच सोडवून घे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह 'श्रिंक' कर आणि मोकळी झालेली जागा तशीच सोड. तिथे नवा ड्राइव्ह बनवू नकोस.

भाचा : ते करून पाहिलं. दीडशे जीबी रिकामी आहे, पण वीसच जीबी कमी करता येईल म्हणतो.

मावशी : ड्राइव्हच्या मधोमध हलवता न येणाऱ्या फाइली बसल्या असतील. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, रिस्टोर पॉइंट, यातलं काहीतरी. हे तात्पुरतं बंद कर, रीस्टार्ट कर आणि पुन्हा श्रिंक करून बघ. हायबरनेशन बंद केलंस की फास्ट स्टार्टअपही बंद होतो आणि ते हवंच आहे. तो चालू असला तर 'शट डाउन' करूनही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. तशा ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

भाचा : पार्टिशनच्या यादीत १०० एमबीचं एक छोटं फॅट-३२ पार्टिशन आहे. ते फॉरमॅट करून टाकू?

मावशी : त्याला हात लावू नकोस! ते ईएफआय पार्टिशन आहे. विंडोज सुरू करणारी फाइल तिथेच असते. उबुंटूचा बूटलोडरही तिथेच, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसेल. त्याचा माउंट पॉइंट बूट-ईएफआय ठेव आणि 'फॉरमॅट'ची खूण रिकामी आहे ना, ते दोनदा बघ.

भाचा : माझ्या मित्राच्या जुन्या डेस्कटॉपवर वेगळंच झालंय. ऐंशी जीबी मोकळी दिसते, पण इन्स्टॉलर तिला 'अनयूझेबल' म्हणतो.

मावशी : त्या डिस्कवर आधीच चार पार्टिशनं असणार. मोजायला सांग.

भाचा : (फोनवर विचारून) हो, बरोबर चार. तुला कसं कळलं?

मावशी : जुन्या एमबीआर पद्धतीत पार्टिशन टेबल डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतं. त्यात टेबलाच्या वाट्याला ६४ बाइट येतात आणि एका नोंदीला १६ लागतात. म्हणजे नोंदी चारच. ही पद्धत १९८३च्या डॉसपासूनची. सातबाऱ्यावर नाव चढवायला ओळच उरली नाही, तर जमीन मोकळी असून उपयोग काय?

भाचा : मग पाचवं पार्टिशन विंडोजमधूनच करून घेतलं तर?

मावशी : तिथे फसगत होते. विंडोज अशा वेळी डिस्क 'डायनॅमिक' करायला सुचवतं. 'हो' म्हटलं की लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती वाटणी नीट हाताळता येत नाही. त्यापेक्षा डी ड्राइव्हचा बॅकअप घ्या, तो काढा आणि त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करा. त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं हवी तेवढी बसतात आणि लिनक्स त्यांना पाचपासून क्रमांक देतं. तुझ्या लॅपटॉपवर हा प्रश्न येणार नाही. तिथे जीपीटी आहे. त्यात साधारण १२८ नोंदींची सोय असते, शिवाय टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

भाचा : आणि चुकून भलतंच पार्टिशन काढलं गेलं तर?

मावशी : लगेच थांबायचं. बहुतेक वेळा फक्त टेबलातली नोंद गेलेली असते, डेटा जागेवरच असतो. टेस्टडिस्क हे साधन अशी हरवलेली पार्टिशनं शोधून टेबल पुन्हा लिहू शकतं. पण त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की ते परत आणणं कठीण. एसएसडीवर तर आणखीच, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकू शकते. म्हणून बॅकअप वेगळ्या डिस्कवर, तोही आधी.

भाचा : इतकं सगळं लक्षात ठेवायचं?

मावशी : पाठ कशाला करतोस, वाचायची सवय लाव. आज तुझ्या आणि तुझ्या मित्राच्या अडचणीची कारणं समोरच होती, एक कर्नलच्या लॉगमध्ये आणि एक पार्टिशनच्या यादीत. डिस्कवर काही लिहिण्याआधी इन्स्टॉलर शेवटचा सारांश दाखवतो. कोणतं पार्टिशन नवं होणार, कोणतं फॉरमॅट होणार, ते ओळीनं वाच. प्रत्येक ओळ का आहे हे मला सांगता आलं, तरच 'इन्स्टॉल' दाब. एकीचंही कारण कळलं नाही, तर 'मागे' जा. त्या क्षणापर्यंत इन्स्टॉलरनं तुझ्या डिस्कवर काहीच बदललेलं नसतं.