चार वर्षांची पलटण

प्रश्न : आमचे पणजोबा साताऱ्याकडचे. पहिल्या महायुद्धात ते 'महार पलटणी'त होते, असे आजी सांगायची. घरात त्यांचे पदकही आहे. पण महार रेजिमेंट तर 1941 मध्ये उभी राहिली ना? आणि आमच्या परभणीकडे अशा पलटणी होत्या का?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : तुमच्या आजीच्या सांगण्यात विसंगती काहीच नाही. 1941 च्या आधीही एक महार पलटण होती. जून 1917 मध्ये ती उभी राहिली आणि तिचे नाव होते '111 महार'. 1920 मध्ये ती 71 पंजाबी पलटणीत मिसळली गेली आणि 1921 मध्ये मोडलीच. तिचे सारे आयुष्य जेमतेम चार वर्षांचे.

तिच्या आधीचे वळण कळले, तरच ही चार वर्षे नीट उमगतात. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. 1818 च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची त्यांची नावे आजही वाचता येतात. पुढे काही जातीच तेवढ्या लढवय्या, असा सिद्धांत इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी उचलून धरला आणि 1890 च्या दशकात महारांची भरती थांबली. ज्या घरांत बापाचे पेन्शन येत होते, त्याच घरांतल्या मुलांना आता छावणीत जागा नव्हती. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले. 1910 चा कांबळ्यांचा अर्ज तर थेट विलायत सरकारकडे गेला. त्या अर्जांनी सरकार हलले नाही. महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा मात्र तोच सिद्धांत बाजूला ठेवून भरती उघडली.

सक्तीची भरती हिंदुस्थानात नव्हती. ही मंडळी आपण होऊन गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. युद्ध संपल्यावर लष्कर आटोपते घेताना युद्धकाळातल्या पुष्कळ पलटणी मोडल्या. पण महारांपुढे पुन्हा वीस वर्षे बंद दार आले, आणि त्याला काटकसर हे कारण पुरे पडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र, 1941 मध्ये संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर आले आणि त्यांनी हा विषय धसास लावला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती. त्यामुळे तुमच्याकडचा धागा निराळा, आणि तो हिंगोलीचा. 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. तिथे 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेची छावणी असे. 1903 मध्ये हे सैन्य हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले, त्याच्या पायदळ पलटणींना 94 ते 99 हे क्रमांक मिळाले आणि त्यांतूनच 1922 मध्ये हैदराबाद रेजिमेंट घडली. आजची कुमाऊँ रेजिमेंट ती हीच. 1945 मध्ये तिचे नाव बदलले.

पदकाबद्दल : त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत उमटवलेली असते. भिंग घेऊन कड वाचा, पण पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. तिथे 111 हा आकडा दिसला, तर आम्हाला जरूर कळवा.