मनाचा आजार आणि जमातीची जबाबदारी

अल्लाहने प्रत्येक आजारासोबत इलाजही उतरविला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मनाच्या आजारालाही लागू आहे. कैरोत सुलतान कलावून यांनी १२८४ साली उभारलेल्या बीमारिस्तानात, म्हणजे रुग्णालयात, मनोरुग्णांचीही सोय होती. तिचा खर्च वक्फच्या कायम उत्पन्नातून भागे. निश्चित तरतूद असेल तरच सेवा टिकते.

आपण मात्र असा रुग्ण लोकलज्जेस्तव घरात दडवितो. आपल्या जमातीने गरीब रुग्णांची औषधे व जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास यांसाठी दरवर्षी रक्कम राखून ठेवावी. सोबत जाण्यास एक पुरुष व एक स्त्री नेमावी. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मशिदीच्या फलकावर लावावा. दुआ अवश्य करावी. इलाजही सोडू नये.