युद्धाचे नियम लिहिताना

चि. ओंकार,

ताई म्हणाली, 'इव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन खेळातल्या तुमच्या टोळीने युद्धाचे नियम लिहायचं काम तुझ्या गळ्यात घातलंय. मसुदा वाचला. त्यातला निम्मा भाग शत्रूने कसं वागावं यावर खर्ची पडलाय. शत्रू तो वाचणार नाही, वाचलाच तर हसेल. तो सगळा काढून टाक. नियम आपल्या पोरांसाठी लिहायचे असतात.

खेळाचे कायदे तुला पाठ आहेत. सूर्यमालेची सुरक्षा 0.5 किंवा त्याहून जास्त असेल तिथे उगाच गोळी झाडली की कॉनकॉर्ड, म्हणजे खेळातलं पोलीसदल, येऊन जहाज फोडतं. पण ते शिक्षा करतं, वाचवत नाही. रीतसर युद्ध पुकारलं की 24 तासांनी तेही बाजूला होतं. 0.0 मध्ये तर पोलीसच नाहीत. हेरगिरी, दगाबाजी, टोळीची तिजोरी साफ करणं, सगळं खेळाला मान्य. त्यामुळे 'खेळात चालतं की' हे ऐकायची तयारी ठेव. खेळाला चालतं ते आपल्याला चालतं का, एवढंच तुला लिहायचंय.

गोळी कुणावर, ते आधी ठरवा. निळा, म्हणजे मित्र, नसेल त्याला मारा, ही एक रीत. लाल, म्हणजे शत्रू, नसेल त्याला हात लावू नका, ही दुसरी. खेळातल्या प्रॉव्हिडन्स प्रदेशात सीव्हीए या आघाडीने वर्षानुवर्षं दुसरी चालवली. ऐकायला सज्जन वाटते, पण लाल यादी सतत ताजी ठेवणारा माणूस हवा. तुमच्याकडे तो नाही. मोठेपणाचा आव न आणता पहिली घ्या.

खंडणी घेतली की सोडायचं. यात साधुत्व काही नाही. पैसे घेऊन एकदा पॉड, म्हणजे पायलटची कुपी, फोडलात की बोभाटा होतो आणि पुढचं गिऱ्हाईक दमडी देत नाही.

मसुद्यात हिशेबाचा शब्दही नाही, याचं मात्र नवल वाटलं. 27 जानेवारी 2014 ला खेळातल्या बी-आर5आरबी सूर्यमालेत जे महायुद्ध पेटलं, ते तिच्या ताब्याचं बिल भरलं गेलं नाही म्हणून. सुमारे 21 तास लढाई, 75 टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, खाक. सर्व्हरवरचा ताण एवढा की खेळातला वेळ दहापट संथ केलेला. तोफेचं बटण दाबायचं आणि वाट बघत बसायचं. तेव्हा बिल कोण भरणार आणि तो नसेल तर कोण, ही दोन नावं पहिल्याच पानावर घाल.

एका बाबतीत मात्र कडक राहा. भांडण जहाजांचं; कुणाचं खरं नाव, फोन, घरदार, जात, आईबहीण त्यात ओढली की त्याच दिवशी टोळीबाहेर, मग तो कितीही पट्टीचा पायलट असो. जहाजामागे खरा माणूस असतो, हे विसरू नका. शॉन स्मिथ हा गूनस्वॉर्म या आघाडीचा 'वाइल रॅट', खेळातला मुत्सद्दी. प्रत्यक्षातही अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होता. सप्टेंबर 2012 मध्ये बेनगाझीच्या हल्ल्यात तो गेला, तेव्हा खेळाडूंनी आपल्या स्थानकांना त्याचं नाव दिलं.

वेळेचंही बघ. खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र. परीक्षा किंवा पहाटेची पाळी असलेल्याला रात्री हाक मारायची नाही, हे कलम घाल आणि सेनापतीलाही लागू कर. तुझी सहामाही कधी आहे ते ताईने कळवलंय.

तुझा,
मामा