जुनी कुलपे आणि सांगाडा किल्ली

इंग्लंडमधील जुन्या घरांतून आतल्या खोल्यांच्या दारांना जी कुलपे बसवीत, त्यांचे किल्लीचे भोक बहुधा एवढे मोठे असे की, त्यातून पलीकडची खोली दिसावी. किल्लीही तशीच लांबलचक : एका टोकाला धरावयाची कडी, मध्ये गोल दांडी, दुसऱ्या टोकाला चौकोनी पाते आणि त्या पात्यात नक्षीसारख्या कापलेल्या खाचा. त्या पाहून कोणासही वाटावे की, कुलपाचे सारे रहस्य त्यांतच साठविलेले आहे. तरीही पुष्कळदा एका खोलीची किल्ली शेजारच्या खोलीला बिनदिक्कत लागे. असे का होई, हे समजण्यासाठी कुलूप उघडून आत पाहिले पाहिजे.

झाकण काढले की धातूची एक जाड सरकती पट्टी दिसते. हा कुलपाचा अडसर. तो पुढे सरकून चौकटीतील खोबणीत शिरला म्हणजे दार बंद होते. त्याच्या खालच्या कडेला एक खाच असते. किल्ली फिरविताना पात्याचे टोक त्या खाचेत शिरते, अडसराला रेटीत नेते आणि पुन्हा बाहेर पडते. अडसर आपोआप ढळू नये म्हणून त्यावर स्प्रिंगचा दाब असतो. दार उघडण्यास व लावण्यास एवढे पुरेसे आहे. मग पात्यातील खाचा कशासाठी?

कुलपाच्या कवचाला आतून, किल्लीच्या फिरण्याच्या वाटेवर, वाटोळ्या आडपट्ट्या बसविलेल्या असतात. योग्य किल्लीच्या पात्यात नेमक्या त्याच जागी खाचा असल्यामुळे ती त्यांना टाळून फिरते. परकी किल्ली त्यांवर आदळून थांबते. ही युक्ती रोमन काळापासून चालत आलेली आहे. मध्ययुगातील कारागिरांनी तर आडपट्ट्यांना नाना चमत्कारिक आकार दिले.

परंतु कुलपाचे वर्मही येथेच आहे. आडपट्ट्या किल्लीला अडवितात; अडसराला धरून ठेवीत नाहीत. तेव्हा पात्याचा जो जो भाग त्यांना लागण्याचा संभव, तो सगळा कानशीने घासून टाकला आणि अडसराला रेटणारे टोक तेवढे राखले, तर अशा किल्लीला अडवावयास आत काहीच उरत नाही. ती भोकात मावली म्हणजे झाले. मांस जाऊन हाडे उरावीत तशी ही किल्ली. इंग्रजीतील ‘स्केलेटन की’, म्हणजे सांगाडा किल्ली, हे नाव तिला शोभून दिसते. बरे, आडपट्ट्या वाढवाव्यात तर पात्याला खाचा वाढतात आणि खऱ्या किल्लीचेच पाते दुबळे होते!

उपाय निराळ्या दिशेने सापडला. १७७८ साली रॉबर्ट बॅरन यांनी अडसरालाच जखडणाऱ्या तरफा योजिल्या. प्रत्येक तरफ ठराविक उंचीपर्यंतच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तरी अडसर अडतो, अधिक उचलली तरी अडतो. येथे पाते घासून बारीक केल्याने काही साधत नाही, कारण अडथळा टाळावयाचा नसून तरफा मोजून उचलावयाच्या असतात. १८१८ साली जेरेमाया चब यांनी यात आणखी भर घातली. एखादी तरफ फाजील उचलली गेल्यास ती तशीच अडकून बसे, आणि मालकाने आपली किल्ली लावताच कोणी तरी कुलपाशी खटपट केल्याचे त्यास कळे.

चब यांचे कुलूप अभेद्य मानले जाई. पण १८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले असता आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते साक्षीदारांसमक्ष सुमारे पंचवीस मिनिटांत किल्लीवाचून उघडले. वर्तमानपत्रांतून मोठा वाद माजला. कुलपांचे दोष असे चव्हाट्यावर आणणे म्हणजे चोरांना शिकवणी देणे होय, असे काहींनी म्हटले. चोरांना ते आधीच ठाऊक असतात, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा, असे दुसऱ्या पक्षाचे उत्तर होते. आणि हाच पक्ष सयुक्तिक दिसतो.

आपल्या बाजारात ‘सात लिव्हरचे’ म्हणून जे कुलूप मिळते, त्यातील लिव्हर म्हणजे हीच तरफ होय. तरफांच्या जुन्या धर्तीच्या किल्लीचे पाते निरखून पाहावे. त्याच्या बाहेरच्या कडेवर कमीअधिक उंचीच्या पायऱ्या आढळतील. एकेक पायरी एकेक तरफ उचलते.