नाथानाची गोष्ट आणि तीनशे शब्दांचा निबंध

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१-१४, निर्गम २१:२८-३२, लूक १९:१-१०

दारू पिऊन वाहन चालवणाऱ्याच्या हातून कोणाचा जीव गेला, तर त्याला शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे. परंतु शिक्षा भोगणे वेगळे आणि आपण काय केले हे उमजणे वेगळे. शिक्षा भोगूनही ‘माझे नशीब फुटके म्हणून अपघात झाला’ असेच म्हणत राहणारी माणसे आपल्या पाहण्यात येतात. अशा मनुष्याला दुसऱ्याच्या घरात झालेल्या हानीची खरी जाणीव कशी करून द्यावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. तुरुंगात भेटी देणारे, व्यसनमुक्तीचे काम करणारे आणि मंडळीतील तरुणांना शिकवणारे अशा सर्वांना तो उपयोगी पडावा.

एक निबंध

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील चोवीस वर्षांचे दोन तरुण अभियंते मरण पावले. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यास आले होते. त्यांतील तरुणी जबलपूरची. तिचे पार्थिव जबलपूरला आणण्यात आले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याने मद्यप्राशन केले होते, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम करणे, समुपदेशन घेणे आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे यांचा समावेश होता. देशभर संताप उसळला. २२ मे रोजी मंडळाने आदेश बदलला. मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पुढे डॉक्टरांनाही अटक झाली.

त्या खटल्याचा निकाल लावणे हे आपले काम नव्हे. परंतु निबंधाच्या अटीवर लोक इतके का चिडले, याचा विचार केला पाहिजे. अट अत्यंत सौम्य होती, हे तर खरेच. पण तिच्यात आणखी एक उणीव होती. अपघात या विषयावर निबंध लिहिताना मनुष्य आकडे, नियम आणि उपाय लिहितो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हे वाक्य तो सहज लिहील. जबलपूरच्या एका घरात कोणाच्या येण्याची वाट पाहणे कायमचे थांबले, हे मात्र त्याला त्या निबंधात लिहावे लागत नाही.

नाथानाची रीत

दावीद राजाने बथशेबेचा संसार मोडला व तिचा पती उरीया याला युद्धात मारवले. संदेष्टा नाथान राजाकडे आला तो आज्ञांची यादी घेऊन नव्हे. आज्ञा दावीदाला ठाऊकच होत्या. नाथानाने त्याला गोष्ट सांगितली : एका श्रीमंताची पुष्कळ गुरेमेंढरे आणि एका गरिबाची एकुलती एक कोकरी. ती गरिबाच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला ती लेकीसारखी होती. श्रीमंताने तीच नेऊन पाहुण्यासाठी कापली.

येथे नाथानाने गुन्ह्याचे वर्णन फार थोडे आणि गमावलेल्या वस्तूचे वर्णन अधिक केले आहे, हे ध्यानात घ्यावे. कोकरी काय खाई, कोठे निजे, हे ऐकून दावीदाला त्या घराची हानी दिसली आणि त्याचा क्रोध भडकला. तो श्रीमंत म्हणजे स्वतः राजाच, हे नाथानाने त्यानंतर सांगितले. दोषारोप आधी झाला असता, तर राजाने स्वतःचा बचाव केला असता. आधी घर दिसले, म्हणून बचावाला जागा उरली नाही.

माहीत असूनही

दारू पिऊन गाडी चालवणारा बहुधा म्हणतो, ‘मी मुद्दाम केले नाही.’ या बोलण्याला निर्गमातील मारक्या बैलाचा नियम उत्तर देतो. बैलाने पहिल्यांदाच कोणाला हुंदडून मारले, तर धनी निर्दोष ठरे. परंतु बैल मारका आहे हे धन्याला आधी बजावलेले असून त्याने त्याला आवरले नाही, तर धनीही दोषी ठरे. हेतू नसला तरी माहीत असणे हाच दोष.

आपल्या न्यायालयांनीही याच प्रश्नाचा विचार केला आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती तीन वर्षे केली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अशा तऱ्हेने गाडी हाकल्यास मृत्यू ओढवू शकतो याचे ज्ञान चालकाला होते, असे न्यायालयाने मानले. तीन वर्षे ही शिक्षा अपुरी आहे, असेही नमूद केले. ज्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आहे त्याने वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे गुन्हा आहे. हा बैल मारका आहे, हे सर्वांना केव्हाच सांगून झाले आहे.

कायद्याला मोजता येते तेवढे

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात हिशेबाची रीत घालून दिली. मृत व्यक्ती अविवाहित असेल, तर तिच्या उत्पन्नातून साधारणतः निम्मी रक्कम स्वतःच्या खर्चापोटी वजा करतात. वय २१ ते २५ असेल, तर उरलेल्या वार्षिक रकमेला १८ ने गुणतात. वियोगापोटी ४०,००० रुपये हा आकडा २०१७ साली ठरला. तो वेळोवेळी वाढावा, अशीही तरतूद केली गेली. अपत्य गमावलेल्या आईबापांचा वियोगही याच सदरात धरावा, हे २०१८ साली मान्य झाले. हा हिशेब आवश्यक आहे. त्याच्याविना पुष्कळ घरे उघड्यावर पडतील. परंतु गुन्हेगाराने एवढाच हिशेब पाहिला, तर रक्कम चुकती झाली की आपले देणे फिटले, असे त्याला वाटेल. म्हणून नाथानाची रीत हवी.

अमेरिकेत मुलगी गमावलेल्या एका आईने १९८० साली मद्यपी वाहनचालकांविरुद्ध मातांची संघटना उभारली. त्या संघटनेने पीडितांच्या बैठकांची पद्धत रूढ केली. न्यायालयाच्या आदेशाने गुन्हेगार अशा बैठकीस येतात. ज्यांचे आप्त दगावले ते आपले दुःख सांगतात. सांगणारी माणसे समोर बसलेल्यांच्या गुन्ह्यातील पीडित नसतात. ती कोणाला दूषण देत नाहीत. गुन्हेगारांनी वाद घालायचा नसतो, फक्त ऐकायचे असते. यामुळे गुन्ह्याची पुनरावृत्ती घटते काय, यावरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा एका संध्याकाळच्या ऐकण्याने मनुष्य पालटतो, असे समजू नये. ऐकणे हा आरंभ आहे.

कुंडमच्या वाटेवर

ही पद्धत शहरासाठीच आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून त्याच जबलपूर जिल्ह्यातील कुंडमचा विचार करू. जबलपूरहून शहपुरा-दिंडोरीकडे जाताना लागणारे हे तहसिलीचे गाव. भोवती गोंड बांधवांची वस्ती, साल व मोहाची झाडे. लग्नाकार्याला माणसे मालवाहू पिकअपमध्ये दाटीने बसून जातात. २९ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे पुढे दिंडोरी जिल्ह्यात बडझर येथे कार्यक्रमाहून परतणारी अशीच गाडी उलटली आणि चौदा माणसे मेली. त्या अपघाताचे खापर दारूवर फोडण्याचे कारण नाही. परंतु अशा मुलखात चालकाने एकदा प्याला उचलला, तर किती घरांचे दिवे त्याच्या हाती असतात, हे त्यावरून कळते.

अशा गावात गुन्हेगार व पीडित कुटुंब एकाच बाजाराला येतात, एकाच हातपंपावर पाणी भरतात. दोघे एकाच उपासनेला बसत असतील, असेही घडते. म्हणून लोक लवकर समेट घडवू पाहतात. काही रुपये दिले जातात, ‘झाले गेले विसरा’ म्हटले जाते आणि मृताच्या आईला क्षमेचा उपदेश केला जातो. यात दुहेरी अन्याय आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा कायद्याने आपसात मिटवण्याजोगा नाही. शिवाय ज्याने काही ओळखलेच नाही, त्याला क्षमा देण्याचे ओझे आपण शोकाकुल घरावर टाकतो. नाथान बथशेबेकडे जाऊन ‘राजाला क्षमा कर’ असे म्हणाला नाही. तो राजाकडे गेला. आपणही आधी तिकडेच गेले पाहिजे.

काम करणाऱ्यांसाठी सूचना

१. गुन्हेगाराला वाक्य पूर्ण बोलू द्यावे. ‘अपघात झाला’ हे वाक्य अपुरे आहे. ‘मी प्यालो, किल्ली मागून घेतली, गाडी चालवली आणि एक मनुष्य मेला’ हे पूर्ण वाक्य होय.

२. त्या घराचा एक दिवस त्याला मनाशी उभा करण्यास सांगावे. पहाटे चूल कोण पेटवी? म्हाताऱ्याचे औषध कोण आणी? शाळेची फी कोण भरी? आता ते कोण करते?

३. खटला चालू असता त्याने पीडित कुटुंबाकडे मुळीच जाऊ नये. तो साक्षीदारांवर दबाव ठरू शकतो. भेट व्हायचीच असेल, तर ती कुटुंबाच्या इच्छेने, त्यांनी ठरवलेल्या वेळी व्हावी. ते कधीच बोलावणार नाहीत, हेही त्याने स्वीकारावे. इतर कोणी पीडित आपण होऊन बोलण्यास तयार असेल, तर त्याचे ऐकावे.

४. ऐकताना त्याने सबब सांगू नये आणि क्षमाही मागू नये. क्षमा मागणे म्हणजे पुन्हा काही मागणेच आहे.

५. जक्कयाने परतफेडीचा शब्द स्वतः होऊन दिला. तसे देणे न्यायालयामार्फत उघडपणे द्यावे. ते गप्प बसण्याची किंमत होऊ नये.

६. त्याच्या आईबापांशीही बोलावे. पुरावा लपवून मुलाला वाचवणारे घर त्याला उमजण्याची संधीच नाकारते.

चर्चेसाठी प्रश्न

१. नाथानाने गोष्टीत गरिबाच्या कोकरीचे वर्णन इतके सविस्तर का केले असावे?

२. दावीदाने पाप कबूल केल्यावरही त्याच्या कृत्याचे परिणाम टळले नाहीत. कबुली आणि परिणाम यांविषयी यावरून काय शिकावे?

३. आपल्या मंडळीत असा प्रसंग घडला, तर आपण प्रथम कोणाच्या दारी जातो आणि काय बोलतो?

४. लग्नाच्या घरी चालकाला पाजू नये, असा नियम आपल्या वस्तीत करता येईल काय? तो पाळला जातो की नाही हे कोण पाहील?