तळ्याकाठची यात्रा

चैत्रात आचोळ्याच्या तळ्याकाठी घटकाभर विसावावे. आता सभोवार इमारतींची दाटी झाली आहे. तरी पाण्यावरून येणारा वारा सुखवितो. तेथून पश्चिमेस सोपारे जवळच आहे. प्राचीन काळी शूर्पारक या नावाने हे बंदर विख्यात होते. तेथे एका जुन्या तळ्याजवळ १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यावर अक्षरे थोडीच उरली आहेत. परंतु गिरनारच्या लेखावरून त्याचा आशय कळतो. लेखाचा विषय प्रवास हाच आहे! पूर्वीचे राजे मौजेसाठी, मृगयेसाठी हिंडत. अशोकाने मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधगयेस जाऊन धर्मयात्रा आरंभिली. तीत तो वृद्धांना सुवर्णदान करी, खेड्यापाड्यांतील प्रजेस भेटे व तिच्याशी धर्माविषयी बोले. आणि नवल असे, की यातच आपणांस अधिक आनंद वाटतो, असे त्याने कोरविले आहे.